दोन मिनिटांचं काम (प्लंबर आणि प्लंबरला बोलावणारे, दोघांसाठी)

पानावाला
राम राम मंडळी. मी डोंबिवलीत प्लंबिंगची कामं घेतो. वडील परळ-लालबागच्या चाळींत हेच करायचे. दहावीनंतर मी त्यांच्या हाताखाली लागलो, मग आयटीआयचा प्लंबरचा एक वर्षाचा ट्रेड केला. सव्वीस वर्षं झाली. इथे पाककृतींचे धागे वाचायला येतो, लिहितोय पहिल्यांदाच, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यात एका सोसायटीत गेलो. डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी इमारतीत ठेवलेल्या उभ्या पोकळीत, चौथ्या मजल्याच्या उंचीवर, संडासाच्या पाइपचा जोड सुटलेला. खाली सगळं ठिबकतंय, तिसऱ्या मजल्यावरच्या बाई वैतागलेल्या, आणि त्यांचं बरोबरच आहे. मी गच्चीवर जाऊन दोर कुठे बांधता येईल ते बघितलं आणि म्हटलं, उद्या दोन माणसं आणि बेल्ट घेऊन येतो, दिवस जाईल, इतके होतील. कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, "अहो, दोन मिनिटांचं काम आहे. मागच्या वेळचा माणूस बाथरूमच्या खिडकीतून पाय टाकून उतरला आणि करून गेला." मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी तोच माणूस आला आणि ८०० रुपयांत करून गेला. पडला नाही. म्हणजे त्यांच्या हिशेबात लुटारू मीच.

आता जुनी गोष्ट. २०११ साली माझ्याकडे एक ओडिया हेल्पर होता, केंद्रापाडा जिल्ह्यातला. (मुंबई-पुण्याच्या प्लंबिंगमध्ये त्या एका जिल्ह्याची किती पोरं आहेत ते धंद्यातल्या कुणालाही विचारा. तिथल्या पट्टामुंडईला तर प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाच आहे.) असाच डक्ट, असाच जोड. बेल्ट होता. माझ्याच पिशवीत, गच्चीवर. पोरगा पीव्हीसी पाइपच्या क्लॅम्पवर उभा राहिला. क्लॅम्प पाइप धरायला असतो, माणूस धरायला नाही. ओल खाऊन भुसभुशीत झालेल्या प्लास्टरमधून स्क्रू सुटले आणि तो दोन मजले खाली छज्ज्यावर पायांवर पडला. दोन्ही टाचांची हाडं गेली. जीव वाचला. आता गावाला टपरी चालवतो. उकिडवं बसता येत नाही त्याला, आणि उकिडवं बसल्याशिवाय प्लंबिंग होत नाही.

त्या दिवशी "उतर रे, दोन मिनिटांचं काम आहे" असं त्याला कमिटी म्हणाली नव्हती. मी म्हणालो होतो.

तेव्हापासून डक्टचं काम मी असं करतो. कमरेचा पट्टा वापरत नाही. पडलात तर तो पोटात घुसतो आणि माणूस कमरेत मोडून लटकतो. खांद्या-मांड्यांवरून येणारा पूर्ण बेल्ट घ्यायचा, आयएस ३५२१ (हा भारतीय मानकाचा नंबर) छापलेला. दोर दोन. एकावर बसून काम, दुसरा नुसता जिवाचा, आणि दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेले. बांधायचे ते आरसीसीच्या खांबाला किंवा लिफ्टच्या खोलीच्या बीमला. गच्चीचा कठडा, टाकीचा पाइप, डिशचा खांब यांना नाही. कठड्याच्या धारेवर दोर घासतो, तिथे जुना होज पाइप उभा चिरून दोरावर चढवतो. वर एक माणूस कायम, मोबाइल खिशात ठेवून. पाना मनगटाला सुतळीनं बांधलेला, कारण चौथ्या मजल्यावरून पडलेला चौदा इंची पाइप-पाना खालच्याला दुसरी संधी देत नाही.

आणि बेल्टनं झेललेल्या माणसाला वर किंवा खाली घ्यायची तयारी आधीच हवी. नुसता लटकत राहिला तर रक्त पायांत साठतं आणि काही मिनिटांत शुद्ध जाऊ शकते. अग्निशमन दलाची वाट बघण्याइतका वेळ नसतो.

तुमचे अनुभव लिहा. प्लंबर असाल तर लिहाच.

गच्चीवरचा
फार आवश्यक धागा. एक भर. डक्टमध्ये कबुतरांची विष्ठा फूटभर साठलेली असते. ती कोरडी उडाली की छातीत जाते. आधी पाणी मारून ओली करा, मास्क लावा. आणि वरच्या मजल्यांना आधी सांगा, बाबांनो, तासभर फ्लश करू नका.

पानावाला
हे सांगायचं राहिलंच. प्रत्येक मजल्यावर सांगून येतो, तरी एक जण विसरतोच. त्यावर जास्त लिहीत नाही, लोक जेवत असतील.

सेक्रेटरी_नाइलाजाने
धागाकर्त्यांबद्दल पूर्ण आदर ठेवून दुसरी बाजू मांडतो. मी चाळीस फ्लॅटच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, पगार शून्य. माझ्याकडे एकाच कामाची तीन कोटेशनं येतात. एक १८ हजारांचं, दोन सहा-सात हजारांची. सर्वसाधारण सभेत मला विचारतात, १८ चं का घेतलं? मी "त्यात बेल्ट आहे" असं म्हटलं तर पाचवा मजला हसतो. शिवाय आम्हाला प्लंबिंगमधलं काय कळतं? कोण नीट करतो आणि कोण नुसता पैसे वाढवायला सेफ्टीचं नाव घेतो, हे ओळखायचं कसं?

पानावाला
रास्त प्रश्न. त्याला एवढंच विचारा, दोर कुठे बांधणार? जो गच्चीवर न जाता उत्तर देतो त्याला घेऊ नका. कोटेशनमध्ये माणसं किती आणि दिवस किती ते लिहून मागा. डक्टच्या कामाला एकटा माणूस येणार असेल तर तो स्वस्त नाही, त्यानं निम्मं काम वगळलेलं आहे.

कोर्टकचेरी
सेक्रेटरीसाहेब, पाचव्या मजल्याला हे वाचून दाखवा. काम करणारा माणूस निष्काळजीपणामुळे मेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू शकतं. १ जुलै २०२४ पूर्वी हेच भारतीय दंड संहितेचं ३०४अ होतं. शिक्षा आता पाच वर्षांपर्यंत. गुन्हा नोंदवताना पोलीस ठेकेदारावर थांबतीलच असं नाही, काम कुणी आणि कसं करून घेतलं हेही बघितलं जातं.

मैल्याच्या टाकीची गोष्ट तर आणखी स्पष्ट आहे. हातानं मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं गटार आणि सेप्टिक टँकमध्ये माणसाला संरक्षणाशिवाय उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीतल्या एका खासगी सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये तीन कामगार मेले. त्यांच्या पत्नी उच्च न्यायालयात गेल्या आणि सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयानं प्रत्येकीला १० लाख द्यायला लावले. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूंची भरपाई ३० लाखांवर नेली. "खासगी ठेकेदाराचा माणूस होता, आमचा काय संबंध" हे वाक्य आता पूर्वीसारखं चालत नाही.

मळेकरी
आमच्याकडं सेप्टिक टँकला सेफ्टी टँक म्हणत्यात. लहानपणी मला वाटायचं त्यात काहीतरी सुरक्षित ठेवलेलं असतंय.

गेल्या उन्हाळ्यात आमची टाकी तुंबली. गावातला नळाचं काम करणारा पोरगा आला. झाकण काढलं, अर्धा तास उघडं ठेवलं, दोरीला मेणबत्ती बांधून आत सोडली. विझली नाही. पोरगं म्हणालं, हवा हाय, उतरतो. आमच्या आईनं उतरू दिलं नाही, म्हणाली तालुक्याहून गाडी बोलवा. गाडीला अडीच हजार गेले, मी दोन दिवस कुरकुरलो. मेणबत्ती पेटती राहिली म्हणजे धोका नव्हता ना? जाणकारांनी सांगावं.

तिसरी_पाळी
मळेकरी, तुमच्या आईंना साष्टांग नमस्कार सांगा.

मी तारापूर एमआयडीसीत केमिस्ट आहे. आमच्याकडे कुठल्याही बंद टाकीत उतरायचं तर परवाना लिहावा लागतो, म्हणून हे जरा ठासून लिहितो. मेणबत्ती ऑक्सिजनबद्दल थोडंफार सांगते. विषारी वायूबद्दल काहीच सांगत नाही. आणि टाकीत मिथेन साठलेला असेल तर मेणबत्तीच भडका उडवते. म्हणजे ही चाचणी पास झाली तरी निरुपयोगी आणि नापास झाली तर जीवघेणी.

मैल्याच्या टाकीतला खरा मारेकरी हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्यांचा वास त्याचाच. हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साठतो. झाकण उघडून वरची हवा खेळली तरी खालचा थर तसाच राहतो. थोडा असेल तर वास येतो. साधारण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) वर गेला की नाकच बधिर होतं. तेव्हा "मघाशी वास येत होता, आता गेला" हे वाक्य ऐकलं की पळा. हजाराच्या आसपास एक-दोन श्वासांत माणूस आडवा होतो, हाक मारायलाही वेळ मिळत नाही. आणि तळाचा गाळ पायानं किंवा बांबूनं ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम सुटतो. म्हणजे उतरताना ठीक होतं आणि कामाला लागल्यावर कोसळला, हे असं घडतं.

हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली आम्ही कुणाला आत सोडत नाही. हे मोजायला चार वायूंचा मीटर मिळतो, दोरीनं खाली सोडून वर, मध्ये आणि तळाशी तिन्हीकडे वाचन घ्यायचं. तो नसेल तर उतरायचं नाही. खरं तर घरगुती सेप्टिक टँकमध्ये मीटर असला तरी उतरायचं कारणच नाही, गाडीचा पाइप उतरू दे.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. आतला पडला की वरचा त्याला काढायला उडी मारतो. मग तिसरा. पेपरात "एकाच कुटुंबातील तिघे" वाचता ना, ते असं होतं. वाचवायचं असेल तर वरूनच ओढता आलं पाहिजे, म्हणजे दोर आधीपासून त्याच्या अंगावर आणि वर तिवई हवी. ते नसेल तर १०१ लावा आणि बाकीच्यांना धरून ठेवा. क्रूर वाटेल. पण नाइलाज आहे.

मळेकरी
वाचून हातपाय गार पडले. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मला वायूबियू काय कळत न्हाई, पोरगं तिच्या आईला एकुलतं एक हाय एवढं ठाऊक होतं.

वायरमन
प्लंबरला पाण्यापेक्षा विजेनं जास्त घाबरावं असं माझं मत आहे. एकाच बाथरूममध्ये दोन्ही असतात आणि मध्ये उभा असतो ओल्या पायांचा प्लंबर.

गिझर बदलताना नुसतं बटण बंद करून भागत नाही. वायरिंग उलटं असेल तर बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज गिझरपर्यंत तशीच राहते. २३० व्होल्ट. एमसीबी (मीटरच्या पेटीतलं वीज तोडणारं बटण) पाडा, पाडलेल्या एमसीबीवर चिकटपट्टी मारा आणि घरातल्यांना सांगा. मी एकदा हात आत घातलेला असताना आजोबांनी "लाइट का गेली" म्हणून एमसीबी वर केला होता. टेस्टर लावण्याआधी तो चालू सॉकेटवर तपासून घ्या. न पेटलेला टेस्टर बिघडलेलाही असू शकतो.

दुसरी गोष्ट बहुतेक प्लंबरना माहीत नसते. जुन्या इमारतींत अर्थिंग जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) पाण्याच्या पाइपलाच जोडलेलं असायचं. कुठल्यातरी घरात गळका करंट असतो आणि तो त्या पाइपमधून गुपचूप जमिनीत जात असतो. तुम्ही मध्येच पाइप कापला आणि दोन तोंडं दोन हातांत धरली की तो करंट तुमच्या छातीतून जातो. तुमच्या घराचा मेन बंद असून उपयोग नाही, कारण करंट शेजाऱ्याचा असतो. म्हणून कापण्याआधी कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना जाड तांब्याची वायर क्लॅम्पनं जोडून घ्यायची, काम संपेपर्यंत काढायची नाही. आणि जीआय काढून मध्ये सीपीव्हीसीचा प्लास्टिक पाइप टाकलात तर त्या इमारतीचं अर्थिंग तुटलं असं समजून इलेक्ट्रिशियनला बोलवा. प्लास्टिकमधून करंट जात नाही.

घरमालकांनी ३० मिलिअँपची आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारं बटण) बसवून घ्या. तिच्यावरचं टेस्टचं बटण मधूनमधून दाबून बघायचं असतं, शोभेचं नाही ते.

पानावाला
वायरमनभाऊ, ही वायर जोडायची गोष्ट मला सव्वीस वर्षांत कुणी सांगितली नव्हती. वडील म्हणायचे, "जुन्या चाळीत पाइप मुंग्या आणतो, रबरी चप्पल घाल." कारण आज कळलं.

जुना_बीडवाला
वय ७१. नातवाकडून टाइप करून घेतो आहे.

आमच्या वेळी संडासाचे पाइप बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे. जोडात ताग ठासायचा आणि वरून वितळवलेलं शिसं ओतायचं. शिसं वितळतं ३२७ अंशांना. रस्त्याच्या कडेला छोटी भट्टी, लोखंडी पळी, उघडे हात. ओतण्याआधी जोड कोरडा हवा, हा पहिला धडा. मी तो दुसऱ्या वर्षी विसरलो. पावसाळ्याचे दिवस, जोडात पाण्याचा थेंबभर अंश राहिला असणार. शिसं पडलं, पाण्याची एकदम वाफ झाली आणि शिसं फटाक्यासारखं उलटं उडालं. उजव्या हातावर अजून सात डाग आहेत, नातू लहानपणी मोजायचा. डोळे वाचले ते मान वळवून शिव्या देत होतो म्हणून.

उस्ताद दुसरं सांगायचे, हात धुतल्याशिवाय विडी नाही, भाकरी नाही. शिसं पोटात जातं, हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. त्यांच्या उस्तादाचे हात लुळे पडलेले त्यांनी पाहिले होते.

आता पाइप प्लास्टिकचे. पण जुन्या इमारतींत सिमेंटच्या पत्र्यासारखे करडे पाइप आणि टाक्या अजून आहेत, त्यांत ॲस्बेस्टॉस असतो. ते ग्राइंडरनं कापू नका. धुरळा छातीत बसतो आणि वीस-तीस वर्षांनी हिशेब मागतो. कापावाच लागला तर ओला करून हातकरवतीनं. जोडापासून अख्खा सुटत असेल तर तसाच सोडवा.

शब्दखुळी
आजोबा, _/\_

अवांतर: लॅटिनमध्ये शिशाला प्लुंबुम म्हणतात. शिशाचं चिन्ह पीबी तिथूनच आणि प्लंबरही तिथूनच. म्हणजे शब्दाच्या अर्थानं या धाग्यावरचे खरे प्लंबर तुम्ही एकटेच.

परदेशी_पाटील
इकडे ब्रिटनमध्ये गॅसच्या कामाला गॅस सेफ रजिस्टरमध्ये नाव असल्याशिवाय हात लावता येत नाही, २००९ पासून. त्याआधी कॉर्गी नावाची नोंदणी होती. माणूस दारात आला की कार्ड दाखवतो, मागे कुठली कामं करू शकतो ते लिहिलेलं असतं. आपल्याकडे गॅस गिझर बाथरूमच्या आत, खिडकी बंद, धुराची नळीसुद्धा बाहेर काढलेली नाही, हे बघून मागच्या खेपेला थरकाप झाला. त्यातून सुटणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. भारतात हे कधी सुधारणार कोण जाणे.

ठोकळा
आलेच. एनआरआय कोट्याशिवाय धागा पूर्ण होत नाही.

पानावाला
ठोकळा, असू दे, मुद्दा खरा आहे. मी स्वतः बाथरूमच्या आत गॅस गिझर लावायला नकार देतो. बाहेर, बाल्कनीत लावतो. गिऱ्हाईक दुसऱ्याकडून आत लावून घेतं, ते वेगळं. आणि पाटीलसाहेब, परवाना आपल्याकडेही आहे. महापालिकेचा परवानाधारक प्लंबर नळजोडणीच्या कागदावर सही करतो. पाना बऱ्याचदा दुसऱ्याच्याच हातात असतो.

माई_सातारा
मी घरमालकांकडून कबुलीजबाब देते. सिंक तुंबलं होतं. मी आधी बाजारातली ड्रेन साफ करायची पूड ओतली, गरम पाणी ओतलं. गेलं नाही. मग संडास साफ करायचं ॲसिड ओतलं. तरी गेलं नाही. मग प्लंबरला बोलावलं. आणि काय ओतलं ते सांगितलं नाही, कारण हसेल असं वाटलं. त्यानं सिंकखालचा ट्रॅप (पाइपचं वाकडं वळण) उघडला आणि सगळं त्याच्या हातावर, थोडं डोळ्यात. आम्ही त्याला नळाखाली धरलं, पंधरा-वीस मिनिटं डोळा धूत राहिलो, मग दवाखाना. डोळा वाचला. मी आजही त्या मुलाला भेटले की मान खाली जाते.

तिसरी_पाळी
माई, पाण्यानं धुतलंत हेच बरोबर केलंत. पूड बहुधा कॉस्टिक सोडा. कॉस्टिक पाणी पडताच उकळतं, त्यावर ॲसिड म्हणजे आणखी उसळी. आणि ॲसिडबरोबर ब्लीचिंग पावडर कधीच नाही, क्लोरीन सुटतो.

पानावाला
आता मी प्रत्येक घरात पहिला प्रश्न हाच विचारतो, "काय काय ओतलंय?" लोक आधी काही नाही म्हणतात. मग मी चष्मा लावतो आणि बादली खाली ठेवतो. चष्मा बघितला की आठवतं त्यांना.

मुरूम
मी पाइपलाइनच्या साइटवर असतो. खड्ड्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. दीड मीटरच्या पुढे चर खोल गेला की बाजूंना फळ्या-धिरे द्यायचेच, आयएस ३७६४ तसं सांगतं. काढलेली माती काठावर टाकायची नाही, किमान दीड मीटर लांब. काठावरचा ढीगच भिंत ढकलतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरून टणक दिसते आणि एका पावसात फुगून ढासळते. एक घनमीटर माती म्हणजे दीड टनाच्या आसपास वजन. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस तोंड मोकळं असूनही गुदमरतो, कारण छाती फुगायला जागा नसते. आणि जेसीबीनं ओढून काढू नका, हातानं उकरा.

गच्चीवरचा
पाइप चिकटवायच्या सोल्युशनबद्दल पण लिहा. पाण्याच्या टाकीत उतरून जोड मारताना चक्कर येते.

पानावाला
येणारच. त्याचा वास भारी आणि वाफ हवेपेक्षा जड, बंद टाकीत खाली बसते. आणि पेट्रोलसारखी पेटते. आमच्या ओळखीत एकानं भूमिगत टाकीत जोड मारून तिथेच विडी पेटवली होती. भुवया गेल्या, एवढ्यावर निभावलं. जोड शक्यतो बाहेर मारून तयार तुकडा आत न्यायचा. आत मारावाच लागला तर झाकणं दोन्ही उघडी, वर पंखा, वर माणूस, आणि विडी रस्त्यावर.

भूमिगत टाकीचं आणखी एक. माणूस आत असताना पाण्याचा पंप बंद असला पाहिजे, आणि "बंद आहे" असं वॉचमननं सांगून चालत नाही. टाकीत उरलेलं घोटाभर पाणी, त्यात उभा माणूस आणि त्यात बुडवलेला सबमर्सिबल. केबलला एक चीर पुरते. पाणी उपसायला इंजिनाचा पंप आणलात तर तोही टाकीत उतरवायचा नाही, धूर आत कोंडतो.

डॉ_बाह्यरुग्ण
छोटी भर. पावसाळ्यात गटाराच्या पाण्यात काम केलं आणि पायाला चीर असेल तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) होऊ शकतो. ताप येण्याची वाट बघू नका. ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा, प्रतिबंधक गोळी देता येते. महापालिकाही हे दर पावसाळ्यात सांगते. धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख लिहून ठेवा.

ठोकळा
चांगली चर्चा. पण खरं सांगा पानावाले, तुमच्या हेल्परांचा विमा आहे का?

पानावाला
टोचलंत. दोघांचा अपघात विमा मी काढलाय, तिसरा नवीन आहे, त्याचा राहिलाय. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आमचं काम आज या घरात दोन तास, उद्या त्या घरात तीन तास. तेव्हा दाखला ठेकेदार म्हणून मलाच द्यावा लागतो आणि त्यासाठी हजेरी लिहायला लागते. २०११ ला माझ्याकडे वही नव्हती. आता आहे. तिसऱ्याचं या आठवड्यात करतो, इथे लिहिलंय म्हणजे आता पळता येणार नाही.

सेक्रेटरी_नाइलाजाने
दहा दिवसांनी परत लिहितोय. कोर्टकचेरी यांचा प्रतिसाद मी छापून लिफ्टमध्ये लावला. पाचव्या मजल्यानं तो फाडला, मी परत लावला. काल कमिटीची बैठक झाली. गच्चीवर डक्टच्या वर दोर बांधायला पक्के हुक बसवून घ्यायचे ठरलं आहे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून. म्हणजे पुढच्या वेळी सगळ्यांच्याच कोटेशनमध्ये तो खर्च कमी होईल, हे पाचव्या मजल्याला पटलं. पैसे वाचतात म्हटल्यावर पटतंच.

पानावाला, आमची खालची टाकी धुवायची आहे आणि आतला बॉलव्हॉल्व्ह बदलायचा आहे. डोंबिवलीतच आहोत. रविवारी जमेल का? किती माणसं लागतील ते आधी सांगा, वॉचमनला मदतीला देऊ का?

पानावाला
तीन माणसं, एक वर कायम. वॉचमन नको, तो त्याचं काम करू दे. शनिवारी रात्री नऊनंतर टाकी भरू नका, आणि दोन्ही झाकणं तेव्हापासून उघडी ठेवून त्यावर जाळी टाका, नाहीतर पोरं पडतील. पंपाच्या खोलीला कुलूप असेल ना? रविवारी सकाळी पंपाचा मेन पाडून कुलूप लावतो आणि किल्ली माझ्या खिशात ठेवतो. दुसरी किल्ली कुणाकडे असेल तर ती आधी शोधून ठेवा.

सेक्रेटरी_नाइलाजाने
दुसरी पाचव्या मजल्याकडे आहे. मागतो.